जॉन न्यूटनची चौतीस वर्षे

डिसेंबर १७५२. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत 'आफ्रिकन' नावाचे एक इंग्लिश जहाज माल भरत होते. माल म्हणजे माणसे. कप्तान सत्तावीस वर्षांचा होता. बंदिवानांचा उठावाचा कट शिजतो आहे असा त्याला सुगावा लागला. त्याने काही मुलांना बेड्या ठोकल्या, त्यांच्या अंगठ्यांना पेच लावले आणि कबुली काढून घेतली. हे सगळे त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. कट वेळेवर उघडकीला आला, ही देवाची कृपा, असेही त्याच नोंदीत आहे.

हा कप्तान धर्महीन नव्हता. मार्च १७४८ मध्ये अटलांटिकच्या वादळात जहाज बुडायच्या बेतात असताना त्याने देवाचा धावा केला होता, आणि तिथून त्याचे आयुष्य पालटले असे तो मरेपर्यंत सांगत राहिला. जहाजावर तो खलाशांना जमवून उपासना चालवी. पायाखालच्या फळीखाली माणसे साखळदंडात होती आणि फळीवर प्रार्थना चालली होती. त्याचे नाव जॉन न्यूटन. 'अमेझिंग ग्रेस' हे जगभर गायले जाणारे भक्तिगीत पुढे त्यानेच लिहिले.

न्यूटनने १७५४ मध्ये समुद्र सोडला, पण विवेकाची टोचणी लागली म्हणून नव्हे. त्याला झटका आला आणि जहाजावर जाणे अशक्य झाले. १७६४ मध्ये तो ओल्नी या गावी धर्मोपदेशक झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात त्याने आफ्रिकेच्या शेवटच्या सफरींबद्दल लिहिले ते असे, की देवाच्या सहवासाचे इतके गोड क्षण आपल्याला क्वचितच लाभले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने पुस्तिका काढली ती १७८८ मध्ये. जहाज सोडल्याला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.

अठराव्या शतकातल्या धर्मजागृतीने इंग्लंड सुधारले, असे चर्चच्या इतिहासात सरसकट सांगितले जाते. आधी अंतःकरणे बदलली, मग समाज बदलला, असा तो क्रम. या चौतीस वर्षांचा हिशेब लागल्याशिवाय मला तो क्रम मान्य करता येत नाही. अंतःकरण खरोखर बदललेला, रोज प्रार्थना करणारा, रडणारा माणूस मुलांच्या अंगठ्यांना पेच लावू शकतो, आणि नंतर चौतीस वर्षे त्यावर जाहीरपणे निषेधाचा शब्द काढत नाही. मग त्या जागृतीने सुधारणेला नेमके दिले काय? काहीच दिले नाही असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांचेही मला पटत नाही.

हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. संतांनी समाज बदलला की नाही, यावर आपण शंभर वर्षांहून अधिक काळ भांडत आलो आहोत. न्यायमूर्ती रानडे यांनी संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली आणि मराठ्यांच्या उदयाचे एक मूळ त्यात पाहिले. इतिहासकार राजवाड्यांनी उलट संतांनी लोकांना निवृत्तीकडे वळवले असा ठपका ठेवला. दोघेही एकाच गोष्टीकडे पाहत होते. पंढरीच्या वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणारी माणसे गावी परतल्यावर एकाच पाणवठ्यावर पाणी भरतात का? इंग्लंडची गोष्ट मी याच प्रश्नाची दुसरी परीक्षा म्हणून वाचतो.

सुरुवात ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडला झाली. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. खाणकामगार म्हणजे दंगेखोर, रानटी लोक अशी त्यांची शहरात ख्याती होती आणि चर्चला त्यांचे सोयरसुतक नव्हते. फेब्रुवारी १७३९ मध्ये जॉर्ज व्हिटफील्ड नावाचा चोवीस वर्षांचा धर्मोपदेशक तिथे उघड्या माळावर उभा राहिला आणि बोलू लागला. पहिल्या दिवशी दोनशेच्या आसपास माणसे होती, मग हजारो येऊ लागली. कोळशाने काळ्या झालेल्या गालांवर अश्रूंच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसत, ही त्या सभांची आठवण प्रसिद्ध आहे. व्हिटफील्ड हा खानावळवाल्याचा मुलगा होता, आवाजाचा धनी होता. त्याने ऑक्सफर्डच्या आपल्या मित्राला, जॉन वेस्लीला, बोलावून घेतले. वेस्ली शिस्तीचा माणूस. चर्चच्या इमारतीबाहेर प्रवचन करणे त्याला जवळजवळ पाप वाटे. २ एप्रिल १७३९ रोजी तो मन घट्ट करून उघड्यावर उभा राहिला, आणि पुढली पन्नासहून अधिक वर्षे उभाच राहिला.

कीर्तनात रडलेला माणूस दुसऱ्या दिवशी कसा वागतो, हे कीर्तनकाराला सहसा कळत नाही. तो पुढच्या गावी गेलेला असतो. व्हिटफील्डचे तसेच झाले. आपण माणसे जमवली, पण बांधली नाहीत, अशी खंत त्याला नंतर वाटत असे म्हणतात. वेस्लीने माणसे बांधली, आणि त्याची पद्धत एका कर्जातून निघाली. ब्रिस्टलच्या सभागृहाच्या बांधकामाचे देणे फेडायचे होते. फेब्रुवारी १७४२ मध्ये फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. काहीजण तेही देऊ शकणार नाहीत, असे कोणी म्हणाले. त्यावर तो म्हणाला, अशी अकरा गरीब माणसे माझ्याकडे द्या. त्यांना जमले नाही तर मी भरीन. दर आठवड्याला पेनी गोळा करायला घरोघर जाणाऱ्या माणसांना त्या घरांतले सगळे दिसू लागले: कोण पिऊन पडला आहे, कोणाचे घरात भांडण आहे, कोणाच्या चुलीत आग नाही. वेस्लीच्या लक्षात आले, की आपल्याला हवे होते ते हेच. बाराएक माणसांचा एक वर्ग, त्याला एक प्रमुख, दर आठवड्याला भेट, प्रत्येकाने आपली स्थिती उघड सांगायची, आणि पेनीची नोंद वहीत.

ही वही मला त्या सगळ्या चळवळीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटते. वर्गप्रमुख मोची असे, विणकर असे, अनेकदा बाई असे. ज्यांना गावच्या कारभारात कोणी विचारत नव्हते ती माणसे वर्गणी जमवायला, हिशेब ठेवायला, चारचौघांत उठून बोलायला, सभासद घ्यायला आणि काढायला शिकली. लंडनमधल्या फाउंड्री या तोफा ओतण्याच्या जुन्या कारखान्यात वेस्लीने १७४६ मध्ये गरिबांसाठी औषधे वाटायला सुरुवात केली. तिथेच छोटी कर्जे मिळत: वीस शिलिंगांपर्यंत, तीन महिन्यांत परत. पुढे ती मर्यादा वाढली. जेम्स लॅकिंग्टन नावाच्या मोच्याने १७७५ मध्ये या निधीतून पाच पौंड उचलून जुन्या पुस्तकांचे दुकान वाढवले, आणि काही वर्षांत तो लंडनच्या सर्वांत मोठ्या पुस्तकविक्रेत्यांपैकी एक झाला. त्याच फाउंड्रीत शाळा चालवणारा सायलस टोल्ड पूर्वी गुलामांच्या जहाजावर खलाशी होता. तो न्यूगेटच्या तुरुंगात जाई आणि फाशीच्या कैद्यांबरोबर गाडीत बसून टायबर्नच्या वधस्तंभापर्यंत सोबत करी. त्यांच्याजवळ बसायला सहसा दुसरे कोणी नसे. वेस्ली वारला तेव्हा, १७९१ मध्ये, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये त्याच्या संस्थेचे सत्तर हजारांवर सभासद होते. म्हणजे हजारो वह्या.

पण वही कोणत्या रकान्यात काय मांडते, याला महत्त्व होते. दारू, तस्करीचा माल, अवाजवी व्याज यांना वेस्लीच्या नियमांत बंदी होती. माणसाची खरेदी-विक्री त्या यादीत नव्हती. ज्या ब्रिस्टलमध्ये हे वर्ग सुरू झाले त्या शहराची श्रीमंती गुलामांच्या व्यापारावर पोसलेली होती आणि त्याबद्दल सुरुवातीची कितीतरी वर्षे मोठा आवाज उठला नाही. व्हिटफील्ड तर उघड उलट्या बाजूला गेला. जॉर्जिया वसाहतीत १७३५ पासून गुलामगिरीला बंदी होती. व्हिटफील्डने तिथे अनाथाश्रम काढला, तो चालवायला मजूर हवेत म्हणून बंदी उठवावी अशी खटपट केली, आणि १७५१ मध्ये ती उठली. १७७० मध्ये तो वारला तेव्हा आश्रमाबरोबर तिथले गुलामही त्याच्या मृत्युपत्रातून लेडी हंटिंग्डन या धर्मनिष्ठ बाईंकडे गेले. अनाथ मुलांविषयीची त्याची कणव खोटी नव्हती, हे मी मुद्दाम लिहितो. ती खरी होती, आणि तिचा खर्च दुसऱ्यांच्या पाठीवर टाकताना त्याला काही वाटले नाही.

अमेरिकेतल्या मेथडिस्टांची, म्हणजे वेस्लीच्या अनुयायांची, गोष्ट आणखी स्पष्ट आहे. १७८४ च्या अखेरीस बाल्टिमोरला त्यांनी नियम केला, की सभासदांनी बारा महिन्यांच्या आत आपल्या गुलामांच्या मुक्ततेची लेखी व्यवस्था करावी. दक्षिणेत एवढा गदारोळ झाला, की सहा महिन्यांतच तो नियम स्थगित करावा लागला. भजने चालू राहिली, सभासद वाढत राहिले.

याच काळात भावनेचा कल्लोळ न करणाऱ्या एका जुन्या पंथाने हे काम आधी केले. क्वेकर लोकांच्या सभेत गाणे नसते, प्रवचन नसते. माणसे गप्प बसतात. पण १७६१ मध्ये लंडनच्या त्यांच्या वार्षिक सभेने ठरवले, की गुलामांच्या व्यापारात असेल त्याला पंथाबाहेर काढायचे. २२ मे १७८७ रोजी लंडनमध्ये या व्यापाराच्या अंतासाठी समिती स्थापन झाली. तिच्या बारा सभासदांपैकी नऊ क्वेकर होते. वेस्लीने स्वतः १७७४ मध्ये गुलामगिरीवर पुस्तिका लिहिली ती फिलाडेल्फियाच्या अँथनी बेनेझे या क्वेकर शिक्षकाचे लिखाण वाचून. धर्मजागृतीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा क्रम लपवू नये. शिस्तीचा नियम आधी आला. अश्रू असलेल्या माणसांना तो उसना घ्यावा लागला.

मग जागृतीचे स्वतःचे देणे कोणते? माझे उत्तर असे, की तिने दोन गोष्टी दिल्या. एक वर सांगितली: साध्या माणसांची वर्ग, वही आणि वर्गणीची सवय. १७९२ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटकडे ५१९ अर्ज गेले. ते अर्ज घेऊन सह्या मागत गल्लोगल्ली फिरायला माणसे लागतात, आणि अशी माणसे अनेक गावांत आठवड्याच्या पेनीने आधीच तयार करून ठेवली होती. दुसरी गोष्ट तिला स्वतःलाही फारशी उमगली नसावी. ती म्हणजे साक्ष.

आपल्याकडच्या चर्चमध्येही हा शब्द रुळलेला आहे. साक्ष देणे म्हणजे उठून उभे राहायचे आणि आपल्या आयुष्यात काय झाले ते आपल्या तोंडाने सांगायचे. वेस्लीच्या वर्गांत हे दर आठवड्याला चाले. खाणकामगाराचे आयुष्यही ऐकण्याजोगे आहे, मोलकरणीच्या आत्म्यातही उलथापालथ होते, असे यात गृहीत धरलेले होते. या साक्षींची पुस्तके निघू लागली. न्यूटनचे आत्मवृत्त त्यांतलेच. आणि एकदा असे दार उघडले, की त्यातून कोण आत येईल हे दार उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही. १७७२ मध्ये ग्रोनियोसॉ या आफ्रिकनाचे आत्मकथन निघाले. ते अर्पण केले होते त्याच लेडी हंटिंग्डनला, जिच्याकडे व्हिटफील्डचे गुलाम गेले होते. बोस्टनमधल्या फिलिस व्हीटली या गुलाम मुलीने १७७० मध्ये व्हिटफील्डच्या मृत्यूवर शोकगीत लिहिले. ते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर वाचले गेले. गुलामगिरीसाठी खटपट करणाऱ्या माणसाला गुलाम मुलीने वाहिलेले हे गीत. यात मला तिचा भाबडेपणा दिसत नाही. त्या माणसाने सर्वांसाठी खुला असलेला तारणारा सांगितला होता, आणि 'सर्वांसाठी' या शब्दाला तिने धरून ठेवले.

१७८९ मध्ये ओलाउडा इक्वियानोचे पुस्तक आले. लहानपणी पळवून विकलेला, १७६६ मध्ये स्वतःच्या कमाईने स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतलेला हा माणूस. त्याच्या पुस्तकात देवाने आपल्याला कसे शोधले याची कहाणी आहे, थेट न्यूटनच्या वळणाची. पण त्या कहाणीच्या आतच जहाजाचे पोट आहे, दुर्गंधी आहे, समुद्रात उड्या टाकणारी माणसे आहेत. फळीवरची प्रार्थना आणि फळीखालची माणसे यांच्यामधली फळी या पुस्तकाने काढली. 'झॉन्ग' जहाजावरून शंभराहून अधिक बंदिवानांना जिवंत समुद्रात फेकून मालकांनी विम्याचा दावा लावला, ही बातमी १७८३ मध्ये गुलामांच्या बाजूने लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पकडे नेणाराही इक्वियानोच होता. जमाखर्चाच्या वहीत माणसाचा 'माल' होतो म्हणजे काय, ते त्या खटल्याने इंग्लंडला दाखवले.

फेब्रुवारी १७९१ मध्ये सत्त्याऐंशी वर्षांचा वेस्ली इक्वियानोचे हे पुस्तक वाचत होता. त्यावरून त्याने २४ तारखेला तरुण खासदार विल्बरफोर्सला पत्र लिहिले: हा लढा सोडू नकोस. सहा दिवसांनी, २ मार्चला, वेस्ली वारला. आयुष्यभर प्रवचने देणाऱ्या माणसाच्या शेवटच्या पत्रांतले हे पत्र एका आफ्रिकनाची साक्ष ऐकून लिहिलेले आहे. याच अर्थाने मला न्यूटनची चौतीस वर्षेही उलगडतात. त्याला देवाचा आवाज ऐकू येत होता. फळीखालच्या माणसांचा आवाज त्याला ऐकू आला तो बाहेर चळवळ उभी राहिल्यावर. मग मात्र तो मागे हटला नाही. स्वतःच्या अपराधासह तो सरकारी समित्यांपुढे उभा राहिला आणि जहाजात काय चालते ते त्याने सांगितले. १७८५ मध्ये राजकारण सोडून द्यावे की काय अशा घालमेलीत सापडलेला विल्बरफोर्स याच न्यूटनला भेटायला गेला होता, आणि न्यूटनने त्याला पार्लमेंटमध्येच राहायला सांगितले. १७९१ मध्ये विल्बरफोर्सचा ठराव ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला. १८०७ मध्ये व्यापारबंदीचा कायदा २८३ विरुद्ध १६ मतांनी झाला. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन वारला. गुलामगिरीच नष्ट करणारा कायदा यायला १८३३ उजाडले, आणि त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. ज्यांना विकले गेले त्यांना एक पेनीही नाही.

इथे मला या चळवळीच्या कुंपणाबद्दलही बोलले पाहिजे. दूरच्या गुलामासाठी वीस वर्षे लढणाऱ्या विल्बरफोर्सने १७९९ मध्ये आपल्याच देशातल्या कामगारांच्या संघटनांवर बंदी आणणाऱ्या कायद्याला जोर दिला. त्याची मैत्रीण हॅना मोर हिने १७८९ पासून मेंडिपच्या डोंगराळ, दरिद्री गावांत शाळा काढल्या. जमीनदारांचा विरोध सोसून, चिखल तुडवत ती फिरली. त्या शाळांत गरिबांच्या मुलांना वाचायला शिकवत. लिहायला शिकवत नसत. बायबल वाचता आले पाहिजे; लिहून काय करायचे? १७९२ मध्ये टॉमस पेनच्या माणसाच्या हक्कांच्या विचाराला उत्तर म्हणून तिनेच गावकऱ्यांसाठी पुस्तिका लिहिली. ई. पी. टॉम्प्सन या इतिहासकाराने १९६३ मध्ये मेथडिस्टांवर जी कठोर टीका केली, तिचे मर्म हेच होते, की या धर्माने गरिबाला शिस्त दिली आणि कारखान्याच्या भोंग्याला जुंपले. टॉम्प्सन स्वतः मेथडिस्ट मिशनऱ्याचा मुलगा. त्याचे वडील बंगालमध्ये बांकुराला शिकवत. घरातून बाहेर पडलेल्या माणसाची ही टीका आहे, आणि ती बरीचशी खरी आहे. पण त्याच वर्गांत हिशेब आणि भाषण शिकून नंतर कामगार संघटना उभारणारी माणसेही निघाली. वाचायला शिकवले की माणूस लिहायला हात पुढे करतोच. हॅना मोरला जे भय होते ते अगदी रास्त होते.

ते भय आपल्याकडे कसे खरे ठरले, हे नगरच्या माणसाला सांगायला नको. धर्मजागृतीच्या न्यू इंग्लंडमधल्या शाखेतून निघालेले अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या आधी बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी या चांभारकाम केलेल्या इंग्रजाने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले होते. इंग्लंड सोडण्यापूर्वी लिहिलेल्या पुस्तिकेत त्याने, गुलामांच्या हातची म्हणून वेस्ट इंडीजची साखर सोडणाऱ्या घरांचा उल्लेख केला होता. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांनी अहमदनगरला मुलींची शाळा चालवली. ती पाहून आलेल्या जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्याला शाळा काढली. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकलेले होते आणि त्यांनी टॉमस पेनही वाचला होता. धर्माची शाळा आणि पेन यांना हॅना मोरने एकमेकांसमोर लढायला उभे केले होते; ती दोन्ही पुण्यात एका डोक्यात शेजारी बसली. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले.

त्याआधी अठरा वर्षे, १८५५ मध्ये, अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' या पत्रात फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत एक निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांच्या दुःखाचा. लिहिणारी मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग मुलगी. पेशवाईत आपल्या जातीच्या माणसांवर काय गुदरले ते तिने त्यात लिहिले होते, आणि वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असे देवालाच विचारले होते. मिशनऱ्यांनी तो निबंध छापला. तिचा प्रश्न मात्र त्यांना नव्हता, देवाला होता.